दीक्षाभूमीला जाता, मग अजब बंगल्यात लेकरांना का नेत नाही?

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे ३० सहकाऱ्यांसोबत सहलीला निघाले होते. हो, सहलीलाच. ती परिषद नव्हती की सत्याग्रह नव्हता. तुम्ही सोबत येणार असाल तर आपण चार प्रेक्षणीय ठिकाणे पाहून येऊ, असे कार्यकर्ते म्हणाले आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचा बेत ठरला. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ अंगावर होती आणि किल्ल्याच्या दाराजवळ पाण्याचे टाके होते. काहींनी हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यावरून टाके बाटवले म्हणून लोक शिव्या देत धावून आले. धावून आलेले मुसलमान होते. जातीचे विष हिंदूंच्या घरापुरते थांबलेले नाही, हे बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिले आहे. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. आतल्या पाण्याला यांच्यापैकी कुणी हात लावू नये, यावर त्याने लक्ष ठेवायचे होते.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधला हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला आहे. आपण तो नेहमी पाण्याचा प्रसंग म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण तो सहलीचाही प्रसंग आहे. आपल्या पूर्वजांनी घडवलेली लेणी पाहायला आपली माणसे मोकळेपणाने, आनंदाने निघाली होती. त्या आनंदावर पहारा बसला. पाण्याचा हक्क आपण लढून मिळवला. आनंदाने पाहायला जाण्याचा हक्क मात्र हातात असूनही आपण वापरत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते आम्ही आधी आपल्याच माणसांना सांगणार आहोत.

दरवर्षी अशोक विजयादशमीला तेल्हारा, अकोट, हिवरखेड, अडगाव या भागातून आपली माणसे नागपूरला जातात. एसटीने जातात, रेल्वेने जातात, गाडी करून जातात. दीक्षाभूमीवर माथा टेकतात, पुस्तके घेतात, लेकरांना निळी टोपी घेऊन देतात, आणि रात्रीच्या गाडीने परत येतात. त्याच शहरात सिव्हिल लाईन्समध्ये मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. ते १८६३ सालचे आहे, म्हणजे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. तिथे दगडी शिल्पे आहेत, शिलालेख आहेत, नाणी आहेत, चित्रांचे दालन आहे. दीक्षाभूमीपासून ऑटोने गेले तर थोडक्या वेळात पोचता येते.

आम्ही तेल्हाऱ्यात घरोघरी जाऊन विचारले. नागपूरला किती वेळा गेलात? दहा वेळा, पंधरा वेळा, काही म्हातारे तर दरवर्षी. अजब बंगला पाहिला का? बहुतेक घरांत उत्तर एकच होते. "काय हाय तेथी आपल्यासाठी?"

या प्रश्नावर रागावून चालणार नाही. हा अडाणी प्रश्न नाही. ज्या माणसाला हजारो वर्षे प्रत्येक मोठ्या दारापुढे थांबवले गेले, त्याने दिसेल त्या मोठ्या दाराकडे पाहून विचारलेला हा शहाणा प्रश्न आहे. पण शहाण्या प्रश्नालाही उत्तर द्यावे लागते. नाहीतर तो प्रश्नच पुढे दार होऊन बसतो.

दारात थांबलेली आई

काही वर्षांपूर्वी आम्ही तालुक्यातल्या काही कुटुंबांना घेऊन एका मोठ्या शहरातले संग्रहालय पाहायला गेलो. ठिकाणाचे नाव इथे घेत नाही, कारण मुद्दा एका इमारतीचा नाही. सोबत १४ लेकरे होती आणि त्यांचे आई-बाप. त्यातले बहुतेक कापूस वेचणारे, विटाभट्टीवर जाणारे, एक जण हमाल. तिकिटाच्या खिडकीपर्यंत सगळे ठीक होते. मग मोठा जिना आला, चकचकीत फरशी आली आणि एक माय तिथेच थांबली. म्हणाली, "मी भाईरच बसतो बाप्पा. तुमी लेकरायले घेऊन जा." आम्ही कारण विचारले तर तिने पायातल्या चपलांकडे पाहिले. चप्पल तुटकी होती, एवढेच.

तिला कुणी अडवले नव्हते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ ने सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जात पाहून अडवायला बंदी केली आहे. हा अनुच्छेद तिच्या बाजूने उभा होता. तिकीट तिच्या हातात होते. तरी ती थांबली.

आम्ही तिला हाताला धरून आत नेले. आत गेल्यावर एक सुरक्षारक्षक आमच्या मागे मागे चालू लागला. आमच्या पुढे इंग्रजी बोलणारे एक कुटुंब होते. त्यांचा मुलगा काचेच्या पेटीला हात लावत होता, त्याच्यामागे कुणी नव्हते. आमची लेकरे हात मागे बांधून चालत होती, तरी त्यांच्यामागे माणूस होता. १९३४ चा शिपाई आम्हाला त्या दिवशी आठवला. त्याच्या हातातले हत्यार गेले आहे, एवढाच फरक होता. आम्ही त्या माणसाशी भांडलो नाही. तोही कुणाचा तरी गरीब पोरगा, कंत्राटावर बारा तास उभा राहणारा. आम्ही थांबून त्याला विचारले, "दादा, तुमचे गाव कोणते?" तो वाशीमकडचा निघाला. मग त्यानेच आम्हाला कोपऱ्यातली एक बुद्धमूर्ती दाखवली. ती आमच्या लक्षातच आली नव्हती.

आम्हाला मोठी गोष्ट वाटली ती पुढची. त्या मायची मुलगी सातवीत होती. आत शिरताना ती आईच्या पदरामागे होती. अर्ध्या तासाने आईने धीर करून एका मूर्तीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "हे पाय पाय कसे केले हायेत, जशे आपल्या जात्याले टाके देतात तशे." त्या बाईच्या बापाचा धंदा जात्याला टाके देण्याचा होता. दगडावर छिन्नी कशी पडली, हे त्या दालनात तिच्याइतके कुणालाच कळत नव्हते. मुलीने आईकडे वर मान करून पाहिले. ती नजर आम्ही विसरलो नाही. आपल्या आईला यातले कळते, हे त्या लेकराला त्या दिवशी कळले.

म्हणून आमचा आग्रह कुटुंबाने जाण्यावर आहे. शाळेच्या सहलीवर नाही. शाळेची सहल आपल्याकडे शेगाव, चिखलदरा, नाहीतर वॉटर पार्कला जाते. कधी संग्रहालयात गेलीच तर रांगेत चाला, हात लावू नका, बोलू नका, वीस मिनिटांत बाहेर. आपण कुठे ताठ उभे राहायचे आणि कुठे अंग चोरायचे, हे लेकरू पुस्तकातून शिकत नाही. ते आईच्या खांद्यांकडे पाहून शिकते. आई दाराबाहेर बसली तर लेकरू आत जाऊनही मनाने बाहेरच राहते.

फुकट तिकीट म्हणजे खुले दार नव्हे

समाजशास्त्र शिकताना आम्हाला फ्रान्सचे पिएर बोर्दिय भेटले. त्यांनी आणि अलँ दार्बेल यांनी युरोपातल्या कलासंग्रहालयांत कोण जाते याचा अभ्यास केला. ते पुस्तक १९६६ साली आले. त्यात निघाले असे की तिकीट स्वस्त असले तरी कामगार आणि शेतकरी आत येत नाहीत. येतात ते मुख्यतः शिकलेल्या घरातले लोक. चित्र कसे पाहायचे हे त्यांना घरातून, शाळेतून आधीच मिळालेले असते. ज्याला ते मिळालेले नसते तो समजतो की आपल्यातच काहीतरी कमी आहे आणि स्वतःच बाजूला होतो. बाहेर काढायला कुणी लागत नाही.

युरोपात ही वर्गाची गोष्ट होती. आपल्याकडे तिच्यावर जातीचा थर आहे. इथे पाहण्याची, वाचण्याची, सौंदर्यावर बोलण्याची मक्तेदारी एका वर्गाने ठेवली आणि घडवण्याचे काम दुसऱ्यांना दिले. दगड फोडणारा वेगळा आणि त्या दगडावर व्याख्यान देणारा वेगळा. पाथरवट, कुंभार, लोहार, विणकर, चांभार यांच्या हातची वस्तू काचेत गेली की ती 'कला' होते. तो हात मात्र काचेबाहेर राहतो आणि तिकीट काढायलाही घाबरतो. ही नुसती गरिबी नाही, ही व्यवस्था आहे. ती मोडायची असेल तर आधी त्या काचेसमोर जाऊन उभे राहावे लागेल.

शाळेकडून फार अपेक्षा करू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची उघडून पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षक द्यायचा, तोही अर्धवेळ, आणि तोही पटसंख्या १०० च्या वर असेल तर. आपल्या खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या किती शाळांचा त्या वर्गांचा पट १०० च्या वर आहे? म्हणजे कायद्यानेच ठरवून टाकले की लहान गावातल्या लेकराला चित्र शिकवणारा माणूस द्यायची गरज नाही. शहरातल्या खासगी शाळेतली मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात आणि दहावीला त्याचे वाढीव गुणही घेतात. आपल्या पोराच्या हातात रंगपेटी येते ती १५ ऑगस्टच्या स्पर्धेपुरती. मग कुणीतरी म्हणते की यांच्यात कलेची आवडच नाही. आवड असती कुठून, तुम्ही दिली कधी?

"आधी पोटाचे पाहा" म्हणणाऱ्या साथींना

हा विषय काढला की आमच्याच बैठकीत कुणीतरी उठून म्हणते, आरक्षण संपवायला निघालेत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्हाला चित्रे सुचतात? हा प्रश्न विचारणारा कार्यकर्ता प्रामाणिक असतो. त्याला उत्तर द्यायलाच हवे.

पहिले उत्तर असे की आपली चळवळ भाकरीइतकीच कलेवर उभी राहिली आहे. आंबेडकरी जलसे नसते तर न वाचता येणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेब पोचले असते का? भीमगीते नसती तर आपल्या आज्यांना चवदार तळ्याची लढाई माहीत झाली असती का? देशाच्या कामाने आणि आजाराने थकलेले बाबासाहेब त्यातूनही व्हायोलिन शिकायला बसत होते. ते वेळ वाया घालवत होते असे म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? माणूस फक्त पोटासाठी जगतो हे मनुवाद्यांनी आपल्याबद्दल ठरवले होते. ते आपणच आपल्याबद्दल का म्हणावे?

दुसरे उत्तर पैशाचे. पैसे नाहीत हे खरे आहे आणि अर्धवट खरे आहे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला मंडळ किती देते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडा. शेजारी दुसरा हिशेब मांडा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या लेण्यांना १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट आहे. डब्यात भाकर-ठेचा घरचा. दोन्ही आकडे विहारात फळ्यावर लिहा आणि मग बोला. आम्ही जयंतीच्या विरोधात नाही. कानठळ्या बसवणाऱ्या त्या भिंतीच्या विरोधात आहोत. तिच्यासमोर नाचलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

तिसरे उत्तर सगळ्यात महत्त्वाचे आहे. आपल्या अंगणात काय गाडलेले आहे, हे माहीत नसलेला समाज ते वाचवू शकत नाही.

हे सगळे आपल्या वऱ्हाडचे आहे

तेल्हाऱ्याला लागून संग्रामपूर तालुका आहे. तिथे पूर्णा नदीच्या काठी भोन नावाचे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन केले आणि विटांनी बांधलेला प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. अभ्यासकांनी त्याचा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेला आहे, म्हणजे सम्राट अशोकाच्या काळापर्यंत. तिथे भाजक्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरीही सापडल्या. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या खारपाण पट्ट्यात माणसे नीट वसून राहिली होती, पाण्याची सोय करत होती आणि बुद्धाला वंदन करत होती. आपल्या किती लेकरांना हे माहीत आहे? पुढे जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली ही जागा जाण्याचा धोका उभा राहिला. तेव्हा आवाज उठवणारे मोजकेच लोक होते. ज्यांनी आयुष्यात कधी स्तूपाची वीट पाहिली नाही, त्यांना वीट बुडाल्याचे दुःख कसे होणार? यात लोकांचा दोष नाही. ती वीट त्यांना कुणी दाखवलीच नाही.

अजिंठ्याचे घ्या. आपण त्याला मराठवाड्याचे म्हणतो, परदेशी पाहुण्यांचे म्हणतो. पण अजिंठ्याची जी चित्रे जग पाहायला येते, त्यातली बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली आहेत. त्या वाकाटकांच्या ज्या शाखेची तिथे सत्ता होती तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. १६ क्रमांकाचे लेणे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने दान दिले, असे तिथल्या शिलालेखातच कोरलेले आहे. शेगाव-खामगावकडून निघाले तर ते एका दिवसाच्या टप्प्यात आहे. ते आपल्या शेजारचे कलासंग्रहालयच आहे, फक्त डोंगरात कोरलेले.

आणि हे घडवले कुणी? पाट्यांवर राजांची नावे असतात. पण सांचीच्या दक्षिण तोरणावरचा लेख सांगतो की ते कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. सांचीच्या दगडांवर दान देणाऱ्यांची शेकडो नावे आहेत आणि त्यात साधे उपासक आहेत, भिक्षुणी आहेत, बाया आहेत. म्हणजे बौद्ध कला राजाच्या एकट्याच्या तिजोरीतून आली नाही. ती आजच्या भाषेत वर्गणीतून उभी राहिली, जसे आपले विहार उभे राहते. आपल्या गावातल्या विहाराच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची फरशी लावलेली असते ना? तीच परंपरा आहे ती. लेकराला संग्रहालयात हे सांगा आणि मग त्याचा चेहरा पाहा.

इथे आपल्याच मंडळींना एक कडू गोष्टही सांगायची आहे. व्हॉट्सअॅपवर रोज कुठल्यातरी मूर्तीचा फोटो येतो आणि खाली लिहिलेले असते की ही बुद्धाचीच मूर्ती, यांनी चोरली. काही ठिकाणी बौद्ध स्थळांवर कब्जा झाला, काही गावांत बुद्धमूर्तीला शेंदूर फासून दुसऱ्याच देवाच्या नावाने पुजले गेले, हे खरेच आहे. पण प्रत्येक मूर्ती बुद्धाची नसते. पुरावा न पाहता आपण ओरडलो की खरा पुरावा असलेल्या जागीही आपले कुणी ऐकत नाही. बुद्धाने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगितले आणि आपण फॉरवर्डवर विश्वास ठेवतो! संग्रहालय ही यावरची शाळा आहे. डोक्यावरचे उष्णीष, लांब कान, अंगावरचे चीवर, जमिनीला टेकलेला हात म्हणजे भूमिस्पर्श मुद्रा, छातीशी धरलेले हात म्हणजे धम्मचक्र मुद्रा. सुरुवातीच्या शतकांत तर बुद्धाची मूर्तीच नसायची. बोधिवृक्ष, चक्र, पावले, रिकामे आसन यांतून तो दाखवला जायचा. नऊ-दहा वर्षांचे पोर हे एकदा समोर पाहून शिकले की पुन्हा त्याला कुणी फसवू शकत नाही. ते लोकही नाही आणि आपणही नाही.

नेऊन काय करायचे?

आम्ही जे करून पाहिले ते सांगतो. सगळे संग्रहालय पाहायचे नाही. लेकरे थकतात, मोठेही थकतात आणि मग सगळेच मोबाइल काढतात. तीनच वस्तू निवडायच्या. प्रत्येकीसमोर खाली बसायचे आणि लेकरांना चार प्रश्न विचारायचे. हे कुणाच्या हातांनी केले असेल? पैसा किंवा दान कुणाचे असेल? पाटीवर कुणाचे नाव आहे आणि कुणाचे नाही? आपल्या घरात, गावात याच्यासारखे काय आहे? उत्तर चुकले तरी चालते. शेवटी वहीत पेन्सिलने ती वस्तू काढायची. काढताना डोळा थांबतो, आणि थांबलेला डोळाच पाहतो. आईबापांनीही काढायचे. ज्या मायला सही येत नव्हती तिने काढलेला हत्ती आमच्या विहारात अजून भिंतीवर आहे.

चौथा प्रश्न कधी कधी बोचरा होतो. इंग्रजांनी काढलेल्या संग्रहालयांत प्राणी, पक्षी आणि आदिवासी माणसांचे जीवन एकाच छताखाली मांडण्याची रीत होती. अजब बंगल्यातही ही दोन्ही दालने आहेत. आपल्या तालुक्याच्या सातपुड्याकडच्या बाजूला कोरकू वस्त्या आहेत, त्यांची लेकरे आपल्या लेकरांसोबत शिकतात. त्या दालनात गेल्यावर लेकरांना विचारा, वाघ आणि माणूस शेजारी का मांडला असेल? कुणी मांडला? मांडताना त्या माणसाला विचारले होते का? एवढे जरी लेकराने विचारले तरी समाजशास्त्राचा एक आख्खा पेपर त्याने सोडवला असे समजा.

आणि हेही सांगा की आपली माणसे आज चित्रे काढत आहेत. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेला माणूस कॅनव्हासवर आणला. मुंबईचे विक्रांत भिसे नामांतराचा आणि पँथरचा लढा रंगवतात. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीतून देवदेवता बाहेर काढून बुद्ध आणि बाबासाहेब आणले. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले आणि गटारातले जगणे दालनाच्या भिंतीवर टांगले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्याचा माणूस! पण चित्रकार व्हायचे म्हणणाऱ्या पोरीला आपण काय सांगतो? "पोट भरन का त्यानं?" तलाठी परीक्षेची पुस्तके तिच्या हातात देतो. तलाठीही व्हा, आमची ना नाही. पण आपल्या दुःखाचे चित्र दुसऱ्याने काढावे आणि आपण फक्त त्यात उभे राहावे, हे किती दिवस चालणार?

आमच्या मागण्या आणि आपले काम

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीच्या, त्या दिवशीच्या आणि नंतरच्या दिवशी अजब बंगला सुट्टी असली तरी उघडा ठेवा, रात्री उशिरापर्यंत ठेवा, आणि दीक्षाभूमीपासून तिथपर्यंत बस सोडा. लाखो माणसे शहरात येतात, त्यांना पाहुणे समजा, गर्दी समजू नका. पाट्या शाळकरी पोराला कळतील अशा मराठीत लिहा आणि त्यावर घडवणाऱ्या हातांबद्दल लिहा. भोनला जे सापडले ते पाहायला वऱ्हाडातच दालन उभे करा. कलाशिक्षकासाठी १०० च्या पटाची अट काढा.

पण सरकारची वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नाही. आपल्याकडून होण्यासारखे खूप आहे. तालुक्यातल्या प्रत्येक विहाराने वर्षातून एकदा दहा कुटुंबे न्यावीत. नागपूरला जाणाऱ्यांनी एक दिवस जास्त काढावा. दीक्षाभूमी, चिचोलीच्या शांतिवनात जपलेल्या बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि अजब बंगला, अशी एकच वाट करावी. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि शासकीय सुट्टीचे नियम असतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती तिथे आहेत. विटामातीत काम करणाऱ्या आपल्या माणसाने त्या पाहिल्या तर त्याला आपल्या हाताची किंमत कळेल.

आणि कुणी मागे मागे चालले, कुणी वाकड्या नजरेने पाहिले, तर बाहेर पडू नका. शांतपणे तिथेच उभे राहा आणि लेकराला वस्तू दाखवत राहा. तक्रारवही मागा, त्यात लिहा आणि खाली तारीख टाका. चवदार तळ्यावर आपण पाणी पिण्यासाठी गेलो होतो, पण पाण्याची तहान हे एकच कारण नव्हते. आपण इतरांसारखी माणसे आहोत हे ठरवायला गेलो होतो. संग्रहालयाच्या फरशीवर तुटक्या चपलेने टाकलेले पाऊलही तेच ठरवते.

ती दारात थांबलेली माय पुढच्या वर्षी आम्हाला बाजारात भेटली. म्हणाली, "यंदा कधी जायचं हाय? माह्या जावेले बी न्यायचं हाय." चप्पल तीच होती.

या अशोक विजयादशमीला आम्ही निघतो आहोत. तुम्ही तुमच्या गावातून निघा. लेकरांना घ्या, त्यांच्या आयांना घ्या, वही-पेन्सिल घ्या. अजब बंगल्याच्या दारात भेटू.

जय भीम. नमो बुद्धाय.